जनसंपर्काचे पाठ्यपुस्तक वाचण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोक यांच्यात परस्पर सामंजस्य निर्माण व्हावे व टिकावे, यासाठी केलेला हेतुपूर्वक, नियोजित आणि अखंड प्रयत्न म्हणजे जनसंपर्क, अशी ब्रिटनमधील या व्यवसायाच्या संस्थेने केलेली व्याख्या भारतीय पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात हमखास आढळते, आणि ती पाठ करूनच अभ्यासाला आरंभ करावा असा प्रघात आहे. विद्यार्थ्याने मात्र एका व्याख्येवर विसंबून राहू नये. रेक्स हार्लो या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ मध्ये तोवर प्रचलित असलेल्या ४७२ व्याख्या गोळा केल्या, त्या सर्वांचे सार काढले आणि एक सर्वसमावेशक व्याख्या सिद्ध केली. परिणामी व्याख्यांची संख्या ४७३ झाली. सामंजस्य निर्माण करणे हेच ज्यांचे काम, त्या मंडळींची ही स्थिती पाहून खचून जाण्याचे कारण नाही, कारण परीक्षेत दोन व्याख्या लिहून तिसरी स्वतः रचली आणि तिला एखाद्या परदेशी विद्वानाचे भारदस्त नाव जोडले, तर ती तपासून पाहण्याइतका वेळ कोणत्याही परीक्षकाजवळ नसतो.

त्यानंतरचे इतिहासाचे प्रकरण सर्वाधिक काळजीपूर्वक वाचावे, कारण पाठ्यपुस्तकात खरा जनसंपर्क तेथेच केलेला असतो. भारतीय लेखक या विद्येचा उगम नारदमुनींपर्यंत किंवा, लेखक अधिक सावध असल्यास, सम्राट अशोकाच्या शिलालेखांपर्यंत नेतात, आणि राजाने प्रजेच्या भाषेत आपली भूमिका खडकांवर कोरवली एवढे सांगून पुढच्याच परिच्छेदात विसाव्या शतकातील अमेरिकेत उतरतात. या घाईमुळे विद्यार्थी एका मोलाच्या धड्याला मुकतो. कलिंगच्या युद्धातील मनुष्यहानीबद्दल अशोकाला वाटलेला पश्चात्ताप ज्या तेराव्या लेखात नमूद आहे, तो आजच्या पाकिस्तानातील शाहबाजगढीसारख्या दूरच्या ठिकाणी वाचावयास मिळतो. प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली आणि जौगड येथे, तो गाळलेला असून त्या जागी सर्व माणसे ही आपली लेकरे आहेत असे सांगणारे स्वतंत्र लेख कोरलेले आहेत. कोणत्या श्रोत्यांना काय सांगावे आणि कोणापुढे कोणता विषय काढू नये, हे ठरविण्याच्या क्रियेस पाठ्यपुस्तक लक्ष्यगट-निश्चिती म्हणते व तिच्यासाठी तीन वर्तुळांची आकृती देते, परंतु हे खडकावरचे उदाहरण देत नाही.

आधुनिक कालखंडाची मांडणी बहुधा जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये सांगितलेल्या चार प्रतिमानांच्या, म्हणजे व्यवहाराच्या नमुन्यांच्या, आधारे केली जाते. पहिल्या नमुन्यात सर्कसवाल्यांप्रमाणे नुसती हाकाटी असते व सत्याची फारशी पर्वा नसते. दुसऱ्यात खरी माहिती दिली जाते, पण ती एकाच बाजूने वाहते. तिसऱ्यात लोकांचे मन जाणून घेतले जाते, परंतु ते वळविण्यासाठी. आणि चौथ्यात संस्था व लोक समान पातळीवर बोलतात आणि प्रसंगी संस्था स्वतःच बदलते. हे चार नमुने कालक्रमाने लावले की हा व्यवसाय पिढीगणिक अधिकाधिक सत्प्रवृत्त होत गेला, असे आपोआप सिद्ध होते, आणि तो प्रवास नेमका पाठ्यपुस्तकाच्या लेखकाच्या काळात पूर्णत्वास पोहोचतो. मूळ तक्त्यात चौथ्या नमुन्याच्या अग्रणींमध्ये अध्यापकांचीही गणना केलेली आहे, ही बाब विद्यार्थ्याने पेन्सिलीने अधोरेखित करावी.

दुसऱ्या नमुन्याचा नायक आयव्ही ली. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला असता त्याने कंपनीला तो दडपू दिला नाही, उलट निवेदन प्रसृत करून वार्ताहरांना घटनास्थळी नेले, हा प्रसंग पुस्तकात चौकटीत येतो. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलेही मरण पावली, तेव्हा खाणमालक रॉकफेलर कुटुंबाची बाजू मांडणारी पत्रके त्यानेच काढली आणि कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्याला ‘विषारी आयव्ही’ हे नाव दिले, हा प्रसंग चौकटीत सहसा येत नाही. चौकटीत काय जाते आणि ओघात काय उरकले जाते, हे ज्याला पाहता आले, त्याने मांडणीशास्त्राचा निम्मा अभ्यास पूर्ण केला असे समजावे.

तिसऱ्या नमुन्याचा नायक एडवर्ड बर्नेज, सिग्मंड फ्रॉइड यांचा भाचा. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुणींना सिगारेट ओढत चालावयास लावून, तिला स्वातंत्र्याची मशाल म्हणवून आणि यामागे तंबाखू कंपनी असल्याचे गुपित राखून त्याने या व्यवसायातील सर्वांत गाजलेला प्रयोग केला. त्या एका मिरवणुकीने नेमक्या किती स्त्रिया धूम्रपानाकडे वळल्या याविषयी इतिहासकारांना शंका असली, तरी पाठ्यपुस्तकांना नाही, कारण ही हकिकत त्यांना मुख्यतः बर्नेजकडूनच मिळालेली आहे. ली १९३४ मध्ये वारला. बर्नेज १९९५ मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी. ‘जनसंपर्काचा जनक’ ही पदवी मिळविण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सहा दशके अधिक जगणे आणि त्या अवधीत मुलाखती देत राहणे, याहून खात्रीचा उपाय कोणत्याही प्रकरणात सांगितलेला नाही.

केवळ पुस्तक वाचून ही कला साधते काय, अशी शंका काही प्राध्यापक उपस्थित करतात. तिचे उत्तरही बर्नेजच्याच आत्मचरित्रात आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे लोकमतावरील पुस्तक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या ग्रंथालयात असून ज्यूंविरुद्धच्या मोहिमेसाठी त्याचा आधार घेतला जात असल्याचे १९३३ मध्ये एका पत्रकाराने त्याला सांगितले, असे तो लिहितो. स्वाध्यायाने विद्या संपादन करणाऱ्या वाचकाचे याहून ठळक उदाहरण उपलब्ध नसताही पाठ्यपुस्तकांच्या मलपृष्ठांवर त्याचा उपयोग करून घेतलेला दिसत नाही. नीतिमत्तेचे प्रकरण शेवटून दुसरे असते.

प्रत्यक्ष कार्यात प्रसिद्धीपत्रक, म्हणजे वृत्तपत्रांनी छापावे म्हणून संस्थेने स्वतःच लिहून दिलेली बातमी, हे प्रमुख साधन होय. सर्वांत महत्त्वाची बाब आरंभी आणि उरलेले उतरत्या महत्त्वाने, या रचनेस पाठ्यपुस्तक उलटा पिरॅमिड म्हणते. महाराष्ट्रातील कार्यालयांतही हाच नियम पाळला जातो. फक्त तेथे महत्त्वाची बाब म्हणजे काय घडले ही नसून कोण उपस्थित होते ही असते. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात मान्यवरांची नावे पदांच्या उतरत्या क्रमाने, दुसऱ्यात दीपप्रज्वलन, तिसऱ्यात प्रास्ताविक, सूत्रसंचालन व आभार, आणि जागा उरल्यास कार्यक्रम कशाचा होता ते लिहावे. एखादे नाव गळल्यास दुसऱ्या दिवशी खुलासा काढावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलाची सवय करावी लागते.

संकटकालीन संवादाच्या प्रकरणात दोन उदाहरणे पाठ करावीत. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कोणी अज्ञाताने सायनाइड मिसळल्याने सात जण मरण पावले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या व पुढे छेडछाड ओळखता येईल असे वेष्टन आणले. २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने साठवणुकीतील दोषाकडे बोट दाखविले, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनाकडे दाखविले, आणि शेवटी नवे वेष्टन व अमिताभ बच्चन असे दोन्ही आले. पहिल्या उदाहरणात विष बाहेरच्याने कालविले होते आणि तो कधीच सापडला नाही, हे ध्यानात घेता, तत्परता, पारदर्शकता आणि सहानुभूती हे तिन्ही गुण अंगी बाणण्यापूर्वी विद्यार्थ्याने ज्या कंपनीचा खरोखरच काही दोष नाही अशी कंपनी नोकरीसाठी निवडावी.

मूल्यमापन हा अखेरचा घटक. छापून आलेल्या बातमीचे क्षेत्रफळ स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजून त्यास जाहिरातीच्या दराने गुणले की जाहिरात-सममूल्य मिळते. असे मूल्य म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे जनसंपर्काच्या मूल्यमापनासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी जाहीर केले असून उत्तरपत्रिकेत तसेच लिहावे. नोकरी लागल्यावर मात्र स्टीलची पट्टी विकत घ्यावी. मथळा, छायाचित्र आणि भोवतालची पांढरी जागा हे सर्व धरावे. संस्थेतील गैरव्यवहाराची बातमी पहिल्या पानावर पाच स्तंभी आली असल्यास तीही न विसरता मोजावी, कारण अनुकूल आणि प्रतिकूल असा भेद करणारा रकाना त्या सूत्रात नाही, आणि वार्षिक अहवालातील एकूण रकमेत सर्वांत मोठी भर बहुधा तीच घालते.