पसंत, नापसंत, सांगता येत नाही

दुपारी जेवून माणूस जरा कलंडलेला असतो, तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी अदबीनं विचारतं, सध्याचे राष्ट्राध्यक्ष आपलं काम ज्या पद्धतीनं सांभाळताहेत ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? माणूस डोळे चोळत म्हणतो, नापसंत. पलीकडची व्यक्ती खूण करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. नापसंत का, नेमकं काय खुपलं, आज आमटीत मीठ कमी पडलं होतं का, याची चौकशी नाही. अशी हजारेक उत्तरं जमली की त्यांची टक्केवारी निघते, आणि जगातला सर्वांत ताकदवान मनुष्य ती वाचून दिवसभर घुम्यासारखा बसतो.

हा उद्योग अमेरिकेत गॅलप संस्थेनं फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात सुरू केला. जॉर्ज गॅलप हा आयोवातला गृहस्थ. १९३६ च्या निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्या जोरावर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की रूझवेल्ट पडणार. गॅलपनं त्या मानानं मूठभर लोकांना विचारलं आणि सांगितलं, येणार. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. साप्ताहिकानं पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. ऐन मंदीत ज्याच्या घरात फोन आणि दारात मोटार, त्याचं रूझवेल्टबद्दल काय मत असणार? दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं आणि गॅलपचं नाव झालं. (१९४८ साली ट्रुमनच्या निवडणुकीत गॅलपही सपशेल आपटला, पण तोवर दुकानाचा जम बसला होता.)

तेव्हापासून या टक्केवारीचा आलेख निघतो आहे. मला मात्र त्या न विचारलेल्या 'का'चं कुतूहल.

तो 'का' मला अगदी जवळून दिसला न्यू जर्सीतल्या एका पेट्रोल पंपावर. २०२२ चा जून. एडिसनला भाच्याकडे मुक्काम होता. ओक ट्री रोडवर भाजी आणायला निघालो आणि वाटेत तो पेट्रोल भरायला थांबला. न्यू जर्सीत आपल्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे आपल्याकडच्यासारखा भरून देणारा माणूस तिथं असतो. बाहेरच्या उंच फलकावर गॅलनला पाच डॉलर आणि वर काही सेंट, आणि त्या सेंटांच्या शेपटाला बारीक अक्षरांत नऊ दशांश. म्हणजे गॅलनमागे एका सेंटचा दहावा हिस्सा सोडून दिल्याचं औदार्य! यंत्रावर आकडे जिथं पळतात त्याच्या शेजारी तळहाताएवढा एक स्टिकर. त्यात बायडन आकड्यांकडे बोट दाखवताहेत आणि सोबत इंग्रजीत लिहिलंय, 'हे मी केलं.' कुणीतरी तो नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला होता. बायडनचा कान आणि अर्धी कॉलर गेली होती, बोट शाबूत होतं.

टाकी भरायला ऐंशी डॉलर लागले. भाचा एरवी राजकारणाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मतदानाचा अधिकार नाही, त्यामुळे कुणी फोन करून विचारलंच तर सांगता येत नाही म्हणून मोकळं व्हायची त्याला सोय आहे. पण पट्टा लावता लावता तो म्हणाला, "मामा, हा माणूस काही कामाचा नाही."

मी मनातल्या मनात हिशेब केला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, डॉलर अठ्ठ्याहत्तर रुपयांचा. लिटर पडलं एकशेतीन-चार रुपयांना. त्याच आठवड्यात मुंबईत लिटरला १११ रुपये पडत होते. पण पाहुण्यानं यजमानाच्या दुःखात असले हिशेब मांडू नयेत, म्हणून गप्प बसलो.

भाव का चढला होता? रशिया युक्रेनमध्ये घुसला होता. करोनात बंद पडलेले काही तेलशुद्धीकरण कारखाने परत सुरूच झाले नव्हते. आणि दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं आता गाड्या घेऊन सुटली होती. बायडननी सरकारी राखीव साठ्यातून रोज दहा लाख पिंपं तेल बाजारात ओतायला काढलं होतं, पण ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. खरी गोम त्या फलकात आहे. डाळीचा भाव दुकानात गेल्यावर कळतो, डॉक्टरचं बिल आजारी पडल्यावर. पेट्रोलचा भाव मात्र तुम्हाला घ्यायचं असो वा नसो, चौकाचौकात पुरुषभर उंचीच्या अक्षरांत तुमच्या अंगावर येतो. आणि एवढं मोठं दुःख कुणाच्या तरी नावावर लावावं लागतं. तेलाच्या जागतिक बाजाराला चेहरा नाही. अध्यक्षाला आहे, शिवाय बोटही आहे.

स्टिकर नवा असेल, रीत जुनी. १९२९ च्या पडझडीनंतर हर्बर्ट हूवरच्या कारकिर्दीत बेकारांच्या झोपडपट्टीला लोक 'हूवरव्हिल' म्हणायचे, थंडीत पांघरलेल्या वर्तमानपत्राला हूवरचं ब्लँकेट, आणि रिकामा खिसा उलटा करून बाहेर लोंबवला की तो हूवरचा झेंडा. गॅलपचा प्रश्न अजून जन्माला यायचा होता, पण उत्तर खिशाबाहेर लोंबत होतं. आणि हा हूवर कोण, तर पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवून जगाचा दुवा घेतलेला माणूस.

न्यू जर्सीचाच याहून जुना एक किस्सा आहे. १९१६ च्या जुलैत तिथल्या किनाऱ्यावर शार्कनं बारा दिवसांत चार माणसं मारली. त्यातली दोन समुद्रात नव्हे, मॅटावान गावच्या खाडीत, जिथं शार्क यायचं काही कारण नव्हतं. ऐन हंगामात किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडली. वुड्रो विल्सन अध्यक्ष होते, आणि ते पूर्वी याच राज्याचे गव्हर्नर. शार्कचा विषय मंत्रिमंडळाच्या बैठकीत निघाला. पण मंत्रिमंडळानं शार्कचं काय करावं? नोव्हेंबरात विल्सन देशभरात निवडून आले, न्यू जर्सीत हरले. पुढं एकेन आणि बार्टेल्स या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं की किनाऱ्यालगतच्या भागांत विल्सनची मतं नेहमीपेक्षा जास्तच घसरली, म्हणजे शार्कचा राग लोकांनी अध्यक्षावर काढला. आणखी दोघांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाले, तसं काही दिसत नाही. हा वाद विद्वानांचा, त्यात आपण पडू नये. मला स्वतःला शार्कवाल्यांची बाजू पटते, कारण पाऊस ओढ देऊ लागला की राजाच्या पापांची मोजदाद करणाऱ्या देशात मी वाढलो.

एवढ्यावरून वाटेल की संकट आलं की अध्यक्ष घसरतो. तिथंच तर गंमत आहे. १९६१ साली केनेडींच्या कारकिर्दीत क्युबावर 'बे ऑफ पिग्ज'ची स्वारी झाली आणि तिचा पुरता फज्जा उडाला. केनेडींना त्यानंतर ८३ टक्के पसंती! स्वतः तेही चक्रावले म्हणतात. १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा जिमी कार्टर तिशीच्या खाली गेले होते. नोव्हेंबरात तेहरानला अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली आणि कार्टर सरसर वर चढले. धाकट्या बुशना ११ सप्टेंबर २००१ च्या आदल्या दिवशी ५१ टक्के पसंती होती, दोन आठवड्यांच्या आत ९० झाली. या मधल्या दिवसांत त्यांच्या कामाची पद्धत काही बदलली नव्हती. देशावर घाला आला होता, आणि अशा वेळी माणसं झेंड्याजवळ येऊन उभी राहतात. झेंडा ज्याच्या हातात असेल त्याला वाटतं, आपल्याकडेच बघताहेत.

थोरल्या बुशना बहुधा तसंच वाटलं असावं. आखाती युद्ध जिंकल्यावर १९९१ च्या वसंतात ८९ टक्के. विरोधी पक्षातल्या भल्याभल्या इच्छुकांनी आपल्याला तूर्त घाई नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बुश ऑर्लँडोत किराणा व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात गेले. तिथं फाटक्यातुटक्या पट्ट्या वाचणारं एक नवं स्कॅनर यंत्र बघून त्यांनी नवल केलं. हजर नसलेल्या एका बातमीदारानं लिहिलं की अध्यक्षांनी दुकानातला साधा स्कॅनरच कधी पाहिला नव्हता. बातमी तोकडी होती, पण देशात बेकारी आठ टक्क्यांच्या घरात पोचत होती आणि लोक अशा बातमीची वाटच बघत होते. याला दुधाचा भाव ठाऊक नाही, असं ठरलं. उन्हाळ्यात २९ टक्के, नोव्हेंबरात घरी.

आणि चांगलं काम केलं तर? जेराल्ड फोर्डची गोष्ट मला यात सगळ्यात आवडते. निक्सन पायउतार झाले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये फोर्ड आले. देशानं हुश्श केलं, ७१ टक्के पसंती दिली. नव्या जावयाच्या ताटात पहिल्या दिवाळसणाला श्रीखंडाची वाटी रिकामी होऊ देत नाहीत, तसे दिवस. अशा दिवसांत जावयानं तोंड बंद ठेवून खावं. फोर्डनी महिन्याभरात निक्सनना सरसकट माफी देऊन टाकली. सप्टेंबरअखेर पसंती पन्नाशीला आली आणि दोन वर्षांनी खुर्चीही गेली. २००१ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, केनेडी ग्रंथालयानं त्याच माफीबद्दल फोर्डना धैर्याचा पुरस्कार दिला. पुरस्कार छान होता. तोवर फोर्ड सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते.

प्रश्न जसा विचारला तसंच उत्तर दिलं गेल्याचं मला एकच उदाहरण दिसतं, ते क्लिंटनचं. १९ डिसेंबर १९९८ ला प्रतिनिधीगृहानं त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि त्याच सुमारास गॅलपला लोकांनी सांगितलं, ७३ टक्के पसंत. प्रश्नात 'काम' असं स्पष्ट म्हटलं होतं. कामधंदा जोरात होता, बेकारी साडेचार टक्क्यांच्याही खाली. बाकीचं तो आणि त्याची बायको बघून घेतील, असा तो कौल होता. शेजाऱ्यांनी दाखवावा तितका समजूतदारपणा अमेरिकेनं दाखवला.

हे सगळं मी जरा हसत हसत सांगतो आहे खरा, पण हल्ली मला त्या शार्कची आठवण येते आणि बरं वाटतं. शार्क निदान पक्ष बघून चावत नव्हता. आयसेनहॉवर रिपब्लिकन, तरी समोरच्या पक्षातले निम्मे लोक त्यांचं काम पसंत आहे म्हणायचे. आता तो आकडा अनेकदा दहाच्याही खाली असतो. ट्रम्पना पहिल्या कारकिर्दीत गॅलपच्या चाचणीत एकदाही पन्नास टक्के मिळाले नाहीत, आणि ते चौतिसाच्या खालीही गेले नाहीत. दरम्यान अर्थव्यवस्था चढली, महामारी आली, महाभियोग दोनदा झाला. आकडा आपला खुंटीला बांधल्यासारखा तेवढ्याच अंगणात फिरत राहिला. बायडनचे सुरुवातीचे सहा महिने सोडले तर त्यांचंही थोडंफार तसंच. निवडणुकीत अध्यक्ष बदलला की, त्यानं शपथ घेण्याआधीच, एका पक्षाच्या लोकांना अर्थव्यवस्था सुधारल्याचं जाणवू लागतं आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांना ती बुडाल्याचं. पाकिटात पैसे तेवढेच असतात.

भाच्याच्या गोतावळ्यात दोघे जण आहेत, एक पुण्याचे, एक नाशिकचे. दोघंही नागरिक झालेले, एकाच गल्लीत राहणारे, एकमेकांच्या गाडीनं स्टेशनवर जाणारे. २०२२ च्या त्या जूनमध्ये पुणेकर पेट्रोलवरून बायडनना धू धू धूत होते आणि नाशिककर शांतपणे म्हणत होते, "अहो, युद्ध चालू आहे, त्याला अध्यक्ष काय करणार?" २०२५ च्या मार्चमध्ये अंडी डझनाला सहा डॉलरच्या वर गेली. तेव्हा, भाच्यानं फोनवर सांगितलं, नाशिककरांनी ट्रम्पच्या नावानं घर डोक्यावर घेतलं, आणि पुणेकर म्हणाले, "अहो, कोंबड्यांना बर्ड फ्लू झालाय, त्याला अध्यक्ष काय करणार?" दोघांचंही दोन्ही वेळचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. अंडी मात्र दोघंही घाऊक दुकानातून एकत्रच आणतात, दोन डॉलर वाचतात म्हणून.

अशा वेळी मला हॅरी ट्रुमन आठवतात. १९४५ मध्ये ८७ टक्के, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत २२. कोरियातलं युद्ध संपत नव्हतं, लोकांच्या लाडक्या जनरल मॅकार्थरना त्यांनी घरी बसवलं होतं, सरकारात लाचखोरीची लफडी निघाली होती. १९५३ च्या जानेवारीत ते रेल्वेत बसून आपल्या गावी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले. माजी अध्यक्षाला पेन्शन द्यायचा कायदा व्हायला अजून पाच वर्षं होती आणि अंगरक्षकही नव्हते. पुढं अभ्यासकांनी त्यांना पहिल्या दहा अध्यक्षांत बसवलं, पण लोक तितकं थांबले नाहीत. त्याच उन्हाळ्यात ट्रुमन बायकोला, बेसला, शेजारी बसवून स्वतः मोटार चालवत पूर्वेकडे सहलीला निघाले. जोरात गाडी हाकायची बेसबाईंनी सक्त मनाई केलेली, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर मागची वाहतूक अडवली म्हणून पोलिसानं त्यांना थांबवलं आणि समज देऊन सोडलं. वाटेत पंपावर, खाणावळीत लोक त्यांना ओळखून गोळा व्हायचे, हात मिळवायचे, सह्या मागायचे. दीडेक वर्षापूर्वी शंभरातल्या बावीस जणांना पसंत असलेला माणूस आता सगळ्यांनाच आवडत होता. पेट्रोलचा भाव तोवर आयसेनहॉवरच्या नावावर लागला होता.