मोसंबी खायची तर आधी ॲडमिट व्हा

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबड-बदनापूरच्या बागांतला माल ट्रक भरभरून परराज्यात जातो. जिल्ह्यात मात्र ती खाण्याची अधिकृत जागा एकच, दवाखान्यातली खाट! सलाईन लागल्याशिवाय इथे कुणी कुणाला मोसंबी देत नाही. धडधाकट पाहुण्यासाठी आपण कोल्ड्रिंकची बाटली फोडतो. मोसंबी पुढे केली तर तो घाबरून विचारेल, ‘माझा काही रिपोर्ट आलाय का?’

ज्वारीचं नशीबही तसंच. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेव्हा कुठे गरिबाची भाकरी लग्नात मानाने मिरवू लागली. आता तिचा वेगळा काउंटर असतो. शेजारी चायनीज, पलीकडे पाणीपुरी. पाहुणा ठेचा, मंचुरियन, जिलेबी एकाच ताटात रचतो, चार घास खातो आणि उरलेलं टबात ढकलतो. अख्ख्या मांडवात चौरस आहार मिळतो तो त्या टबालाच.

जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना बियाण्यांच्या कामासाठी 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पिकवायचं कसं, हे या गावाने जगाला दाखवलं. टाकायचं कसं, हे आता मंगल कार्यालयं दाखवताहेत.

यजमानांनो, पदार्थांची यादी निम्मी करा. पाहुण्यांनो, ताटात मावेल तेवढं नको, पोटात मावेल तेवढंच घ्या. आणि मोसंबी तब्येत ठणठणीत असतानाच खा. दवाखान्यापेक्षा स्वस्त पडते.