वही कुणाची, चोर कोण?

आमच्या ओट्यावर उन्हाळ्यात रोज एक डाव बसतो: राजा, प्रधान, शिपाई, चोर. भांडवल म्हणजे वहीचं एक पान. फाडायचं, चार चिठ्ठ्या करायच्या, उधळायच्या. राजाला हजार, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे, चोराला भोपळा. शिपायानं चोर ओळखला नाही, तर ते पाचशे चोराच्या खिशात. आमच्या चिटगुप्प्यात चोराला काही पोरं कानडीत ‘कळ्ळ’ म्हणतात. चोर म्हणा की कळ्ळ, ओरडा सारखाच.

गेल्या आठवड्यात या डावात बंड झालं. वही शेजारच्या पाचवीतल्या पोरीची. तिनं एकदम फर्मान काढलं, “वही माझी हाय. दर डावाला शंभर मला.” बाकीचे तिघं काही न बोलता उठले. समोरच्या घरातून दुसरी वही आली आणि डाव समोरच्या ओट्यावर गेला. दिवेलागणीला ही बया वही घेऊन तिकडं हजर. “घ्या, सगळ्यांची हाय.”

हसू नका. जानेवारी 2023 मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीची नेमकी अशीच फजिती झाली. तिची वही जरा महाग होती, एवढंच.

त्या वहीचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 मध्ये काढलेला खेळ. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर व्हायचं. बेत जमला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. पुण्याहून आलेल्या भाच्यानं तो फासा ओट्यावर टाकला तेव्हा आमच्या आत्यानं विचारलं, “काय करूलालाव रे? ही कवडी हाय का लिमलेटची गोळी?”

या धंद्यात एक मोठी गोम आहे. पुस्तक एक जण घेतो आणि पाच-सहा जण त्यावर वर्षानुवर्षं खेळतात. डिसेंबर 2022 मध्ये हॅस्ब्रोच्या एका मोठ्या अधिकारी बाईंनी गुंतवणूकदारांपुढे हेच रडगाणं गायलं: नाव एवढं मोठं, पण त्या मानानं कमाई नाही. खेळवणारे जेमतेम 20 टक्के, पण सगळ्यात जास्त खर्च तेच करतात. बाकीच्यांच्या खिशात हात कसा घालायचा? आमच्या गल्लीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हे सगळ्यांना मान्य असतं. पण बॅटवाला प्रत्येक रनमागं पैसे मागायला लागला, की पोरं फळी शोधतात.

इथं फळी आधीपासून तयार होती. 2000 सालापासून या खेळाच्या नियमांचा गाभा कुणालाही वापरायला खुला होता. त्यावर दुसऱ्यांनी आपापली पुस्तकं काढली, दुकानं थाटली. 2008 मध्ये कंपनीनं नव्या आवृत्तीसाठी दोर आवळला, तर 2009 मध्ये पाइझो कंपनीचा पाथफाइंडर उभा राहिला. हा स्पर्धक परका नव्हता, याच ओट्यावरून उठून गेलेला होता. तरी शहाणपण आलं नाही. 2023 च्या नव्या परवान्याच्या मसुद्यात म्हटलं होतं की, वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यानं वरच्या रकमेतले 25 टक्के आम्हाला द्यावेत. मसुदा बाहेर फुटला. खेळाडूंनी कंपनीच्या ऑनलाइन वर्गण्या बंद केल्या. आठ महिने पुरेल एवढा पाथफाइंडरच्या नियमपुस्तकांचा साठा दोन आठवड्यांत संपला, असं पाइझोनं सांगितलं. 27 जानेवारीला हॅस्ब्रोनं मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली ठेवले. म्हणजे काय, तर “घ्या, सगळ्यांची हाय.”

आता गंमत बघा. आपल्या सोंगट्यांचा पचिसी अमेरिकेत गेला, ‘पार्चीसी’ झाला आणि 1874 मध्ये तिथं त्या नावाचा ट्रेडमार्क नोंदला गेला. ते नाव फिरत फिरत कुणाच्या तिजोरीत पोचलं? याच हॅस्ब्रोच्या. आपल्या सापशिडीचा अमेरिकी अवतार, तोही तिथंच. कवड्या आमच्या, शिक्का त्यांचा.

पण फार छाती काढू नका. लहानपणी हुमनाबादच्या वीरभद्राच्या जत्रेतून मी ‘व्यापार’चा पट आणला होता. तो मोनोपॉली नावाच्या खेळावरून उतरवलेला, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. आणि मोनोपॉली कुणाची? पुन्हा हॅस्ब्रोची. फिटंफाट! चिठ्ठ्या उधळल्यावर चोर कुणाच्याही वाट्याला येतो.

मुळात खेळाच्या नुसत्या नियमांवर कॉपीराइट लागत नाही. लागतो तो मांडणीवर, शब्दांवर, चित्रांवर. म्हणजे विकायला उरतं ते सांगणं. 2015 पासून क्रिटिकल रोल नावाची आवाज-कलावंतांची टोळी डंजन्स अँड ड्रॅगन्स कॅमेऱ्यासमोर खेळते आणि लोक तासन्‌तास बघतात. 2025 मध्ये त्यांच्या प्रकाशनानं डॅगरहार्ट हा स्वतःचा खेळ काढला आणि हॅस्ब्रोकडचे ख्रिस पर्किन्स, जेरेमी क्रॉफर्ड हे दोन जुने जाणते तिकडं गेले. वही कपाटात राहिली, जीभ चालती झाली. आमच्या बहुरूप्याला हे कधीच ठाऊक होतं. पोलीस होऊन दारात यायचा, वॉरंट वाचायचा, घरच्यांना हसवायचा, मग बिदागी. वर्गणी आधी भरा, हसू नंतर, असं त्यानं कधी केलं नाही.

त्या पोरीला पोरांनी परत घेतलं, ते वहीसाठी नाही. समोरच्या ओट्यावर डाव गेला खरा, पण तासाभरात मरगळला. चिठ्ठी उघडली, बोट दाखवलं, गुण लिहिले, संपलं. ही चोर झाली की चोरी सांगते: वाड्याचा मागचा दरवाजा, कुत्र्याला टाकलेली भाकर, राजाच्या उशीखालची किल्ली. शिपाई ऐकताऐकता चोर धरायचं विसरतो आणि पाचशे हिच्या नावावर.

दर डावाला शंभर मागण्यापेक्षा हा धंदा पाचपट चालतो, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. कुणी सांगू नका. नाहीतर उद्या तिकीट लावेल.