राजाचं कूळ आणि ऋषीचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडात ही म्हण किरकोळ दुरुस्ती करून पाळतात: राजाचं कूळ शोधू नये, ऋषीचं मात्र खणून काढावं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या एका पॉडकास्टवर वाद रंगला. ऋषी सुनक साउदॅम्प्टनला जन्मले, पंतप्रधानही झाले. पण रंगाने सावळे, धर्माने हिंदू, मग इंग्लिश कसे? शंका काढणारे गृहस्थ मॉस्कोत जन्मलेले. पाठोपाठ माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी लेखच लिहिला, की आपण ब्रिटिश आहोत, इंग्लिश नाही. वडील मूळ गोव्याचे, केनियातून आलेले. आई मॉरिशसची तमिळ. अर्जदारानेच अर्ज फेटाळल्यावर कारकुनाला काम ते काय उरतं?

ब्रिटिशपणा पासपोर्टातून मिळतो, इंग्लिशपणा रक्तातून, असा हा युक्तिवाद. ठीक. मग तपासणी वरच्या मजल्यापासून करू. 1714 मध्ये पन्नासहून अधिक कॅथलिक वारसांना डावलून हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज आणला. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. आज नागरिकत्व मागणाऱ्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं, वर 45 मिनिटांच्या परीक्षेत 24 पैकी 18 उत्तरं बरोबर आणावी लागतात. जॉर्जला प्रोटेस्टंट असणं पुरलं. पुढे 1917 च्या उन्हाळ्यात गोथा नावाची जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकू लागली, आणि राजघराण्याचं नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा! 17 जुलैला जाहीरनामा निघाला, किल्ल्याचं नाव घराण्याला चिकटवलं आणि चहाच्या वेळेपर्यंत विंडसर मंडळी अस्सल इंग्लिश झाली. आताच्या राजाचे वडील कॉर्फू बेटावर ग्रीसचे राजपुत्र म्हणून जन्मले. त्यावर कुणी पॉडकास्ट केल्याचं ऐकिवात नाही.

राजे काय, कुठूनही येतात. सामान्य माणूस मात्र मातीतला, असं यावर म्हणतील. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकाच परगण्यात नांदली आहेत. पण मातीची साक्ष काढली तर पंचाईत होते. चेडरच्या गुहेतला सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचा माणूस 2018 च्या जनुकीय अभ्यासानुसार बहुधा काळसर वर्णाचा होता, डोळे निळे. त्याच्यामागून शेतकरी आले, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्यांनी त्या शेतकऱ्यांचाही सुमारे 90 टक्के जनुकीय वारसा पुसून टाकला. रोमन, सॅक्सन, डेन, नॉर्मन तर नंतरचे. किती पिढ्यांनी सरमिसळ धुऊन निघते, हा आकडा कुणी जाहीर करत नाही; केला की आपल्यातलंच कुणीतरी बाहेर पडायचं! म्हणून पिढ्या मोजण्यापेक्षा कातडी पाहणं सोयीचं.

कातडीवर दिसत नसेल तर वंशावळ सांभाळून घेते. सुरतेत थिओडोर फोर्ब्ज या स्कॉटिश व्यापाऱ्याचं घर सांभाळणाऱ्या एलिझा केवार्कचंच पाहा. साहेब मुंबईला गेले, बाई मागे राहिल्या, मुलगी कॅथरीन लहानपणीच ब्रिटनला धाडली. तिची ओळ थेट डायना आणि युवराज विल्यमपर्यंत पोचते. वंशावळीत एलिझा आर्मेनियन म्हणून नोंदलेली, बापाकडून असेलही. पण 2013 मध्ये नातेवाइकांच्या लाळेच्या चाचणीत तिचा मायटोकाँड्रियल डीएनए भारतीय निघाला. हा धागा फक्त आईकडून पुढे जातो, त्यामुळे विल्यमच्या मुलांत तो उतरलेला नाही. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी तेवढ्यापुरते पेढे वाटायला हरकत नाही. सुरतेची घारी मागवली तर अधिक बरं.