म्हैस पान्हवली का?

दहा-बारा तास लाईन जायची, तेव्हा मी जनरेटर घेतला नाही. घेतला तो लोडशेडिंग ओसरल्यावर, पेन्शन सुरू झाल्यावर. रोजच्या अंधारात दिवा लावणाऱ्याचं कौतुक कोण करतो?

"अहो, इन्व्हर्टर आहे ना आपल्याकडे?" बायकोने विचारलं. आहे. पण इन्व्हर्टर मुकाट्याने चालतो. आपल्या घरी उजेड आहे हे गल्लीला कळायचं कसं? माझा दोन केव्हीएचा जनरेटर मात्र पिठाच्या गिरणीसारखा तीन गल्ल्यांपर्यंत बोलतो. अर्थात सुरू झाला तर. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, मग दोरी खेचायची. पहिल्या सहा वेळा दोरीनेच मला खेचलं. समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "सर, पान्हवली का म्हैस?"

जनरेटर ओट्यावरच ठेवला होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात नको, एवढं विज्ञान तीस वर्षं शिकवून अंगात मुरलं होतं.

आता भेंडवळबद्दल बोलायलाच हवं. जळगाव जामोद तालुक्यातल्या माणसाचं बोलणं भेंडवळला गेल्याशिवाय पुरं होत नाही. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. शिवाय पुरी, पापड, कुरडई आणि पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहायचं. ढेकूळ जितकं भिजलं तितका त्या महिन्याचा पाऊस. विडा जागेवर असला की राजाची गादी शाबूत. याला शास्त्रीय आधार नाही, असं मी वर्गात दरवर्षी ठणकावून सांगायचो आणि पहाटे साडेचारला मोटरसायकलला किक मारायचो. माझी तक्रार वेगळीच आहे. घटात पाऊस आहे, पीक आहे, राजा आहे, लाईन नाही. मांडणी सुरू झाली तेव्हा वीज फक्त आभाळात होती, हे कबूल. पण आता विड्याशेजारी एक बल्ब ठेवायला काय हरकत आहे? कलंडला तर तार तुटणार, काळा पडला तर डीपी जळणार. राजापेक्षा डीपीचं भाकीत ऐकायला जास्त गर्दी होईल.

गेल्या जूनच्या वादळात आमच्या खांबाजवळची तार तुटली. जनरेटरला एक्स्टेन्शन लावून एक पंखा, दोन दिवे चालले असते. पण मला सगळं घर उजळायचं होतं. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर केली, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. घर झगमगलं. मी खुर्ची ओट्यावर टाकून बसलो.

लाईनमन शिडी घेऊन आला. आवाज ऐकून थांबला.

"सर, मेन पाडलं हाय ना?"

"हो, हो," मी म्हणालो.

पाडलं नव्हतं. मी पाहिलंही नव्हतं. मास्तर माणूस, 'माहीत नाही' म्हणायची जिभेला सवयच नाही. तो चपला काढून आत गेला, बोर्ड पाहिला, हँडल खाली ओढलं. घर तसंच झगमगत राहिलं, खांबाकडे जाणारी वाट तेवढी बंद झाली.

"ह्या खांबावर मी हात लावणार होतो सर," तो म्हणाला. "अन् तार धड असती तर डीपीतून पलीकडं तुमच्या दोनशे तीसचे अकरा हजार झाले असते. ट्रान्सफॉर्मरले उलटंसुलटं कळत नाही."

ती आकृती मी तीस वर्षं फळ्यावर काढली होती. रंगीत खडूने. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या घरी दोन पोरं आहेत. एक माझ्याच शाळेत शिकतं.

आता चेंजओव्हर बसवून घेतला आहे. जनरेटर आणि लाईन यांपैकी एकच घरात येऊ शकतं. तरी वादळात तो आला की मला काही विचारत नाही. सरळ आत जातो, हँडल बघतो, मग खांबावर चढतो. 'गृहपाठ केला का' असं विचारून मीही कधी थांबलो नाही, वहीच मागायचो. तो उतरेपर्यंत मी दाराशी उभा असतो. आत बायको त्याच्यासाठी चहा ठेवते, इन्व्हर्टरच्या उजेडात.