दीडपट बाळ

ओझरला मान वर केली की सुखोई विमान दिसतं आणि खाली घातली की चारी. सुखोईचा आवाज मोठा, म्हणून गावाचं नाव पेपरात येतं ते बहुतेक त्याच्याच मागोमाग; पण राज्याच्या पाणीकारभाराला ओझरनं दिलेला धडा चारीवरचा आहे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, साठा २३०२ दशलक्ष घनफूट, आणि निफाड तालुक्यातलं ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाच्या गावाचं पाणी कुठं जातं हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं आणि नव्वदच्या दशकाच्या तोंडावर महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजलं तेवढ्याचे पैसे भरायचे, आणि त्यावर द्राक्षं लावायची की गहू हे पाटबंधारे खात्यानं विचारायचं नाही, असा रोखठोक व्यवहार. जादा पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घ्यायचीही सोय त्यांनी केली. पुढं वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्राचा कारभार संस्थांच्या हाती आला आणि बघायला माणसं येऊ लागली.

बघायला आलेल्यांत सरकारही होतं असं धरून चालू. २००५ साली विधिमंडळानं दोन कायदे केले: सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा एक, आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, म्हणजे मजनिप्रा, स्थापन करणारा दुसरा. पाणी मोजून द्यायचं हे ओझरकडून घेतलं. पण सरकारला नुसतं पाणी मोजून समाधान वाटेना. मजनिप्रा कायद्याच्या १२व्या कलमात ११वं पोटकलम आहे. त्याचा आशय असा की ज्याला दोनापेक्षा जास्त अपत्यं आहेत त्याला शेतीसाठी पाण्याची हक्कदारी हवी असेल तर त्यानं नेहमीच्या दराच्या दीडपट पाणीपट्टी भरावी. कायदा निर्दय नाही. तो लागू होण्याआधी जन्मलेल्यांना माफी आहे, मात्र त्यात पुढं भर पडता कामा नये. लागू झाल्यापासून वर्षभराच्या आत एकाच बाळंतपणात जे येतील, मग एक येवो की जुळं, ते मोजायचे नाहीत. म्हणजे चूल पेटली असेल तर भाकरी भाजून घ्या, असा मसुदाकाराचा उदार दृष्टिकोन. जलव्यवस्थापनाच्या कायद्यात बाळंतपणाचा एवढा बारकाईनं विचार जगात अन्यत्र झाला असेल असं वाटत नाही.

आता हे चारीवर कसं चालायचं ते पाहा. संस्थेच्या हद्दीत पाणी शिरतं तिथं प्रवाहमापक असतो: सिमेंटचा अरुंद गळा आणि भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा. आवर्तन सुटलं की पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं ते पाहायचं, वहीत वेळेसकट मांडायचं, तक्त्यावरून घनमीटर काढायचे, त्यावर खातं संस्थेला बिल देणार. या सगळ्यात शेतकऱ्याचं नावसुद्धा येत नाही, कारण खात्याचं गिऱ्हाईक संस्था आहे आणि संस्थेला मुलं होत नाहीत. मग दीडपट कुणाला लावायची? ती सभासदाला. ते काम संस्थेच्या सचिवाचं. ज्या सचिवाचं कौशल्य शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटू न देण्यात आहे, त्यानं आता जन्मदाखले गोळा करावेत. भाऊबंदकीत हे किती गोडीगुलाबीनं पार पडेल याची कल्पना मंत्रालयातून येत नाही.

बाजाराची बाजू घेणारे इथं म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही, की फुकटच्या पाण्याला कुणी जपत नाही; किंमत लावली की माणूस वाफा बघून पाणी सोडतो. अगदी मान्य. ओझरच त्याचा पुरावा आहे. जोवर पट्टी पीक आणि क्षेत्र पाहून लागत होती, तोवर पाणी कमी घेतलं म्हणून कुणाचा रुपया वाचत नव्हता. घनमीटरवर पैसे आले तेव्हा ठिबकचा हिशेब जुळू लागला. पण तिथं दर कशावर होता हे विसरू नये. तो घेतलेल्या पाण्यावर होता. कमी घ्या, कमी भरा. शेतकरी वारकरी आहे की नास्तिक, आईबापांना सांभाळतो की नाही, घरात पाळणे किती हलले, याच्याशी चारीला देणंघेणं नव्हतं. दीडपटीच्या कलमात घनमीटर तेवढाच राहतो आणि वाढतो तो माणसाच्या चारित्र्याचा आकार. तीन मुलांचा बाप ठिबकवर थेंब थेंब वाचवील आणि एका मुलाचा बाप मोकाट पाणी देईल, तरी घनमीटरचा चढा दर पहिल्याला. पाणी वाचवण्यासाठी लावलेल्या किमतीचं हे कुठलं अर्थशास्त्र?

बरं, नैतिक धाक म्हणून तरी ते चालेल का? इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगतात. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली निष्कर्ष छापला: उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड उठवल्यावरही पूर्वीइतके कमी झाले नाहीत. आधी पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंडानं तिची पावती मिळाली. आपल्याकडे तर पावतीसुद्धा इतकी स्वस्त की द्राक्षबागायतदाराच्या खर्चाच्या वहीत औषधं, खतं, मजुरी यांच्या गर्दीत कालव्याची पाणीपट्टी शोधावी लागेल. तिचा दीडपट आकडा पाहून तो कुटुंबनियोजन करेल, ही आशा ज्याला असेल त्यानं बागेचा खर्च कधी काढलेला नाही. झळ पोचेल ती दीड-दोन एकरांत गहू-कांदा करणाऱ्याला. म्हणजे तिसरं मूल वाईट असेल तर सधनाला ते माफक दरात उपलब्ध आहे आणि गरिबाला महाग. शिवाय हे कलम फक्त शेतीच्या पाण्याला. कारखान्याच्या संचालकांना मिळून तीस मुलं असली तरी औद्योगिक दरात बदल नाही, आणि शहरात पाच लेकरांचं घर नळ सोडून खुशाल बादल्या भरू शकतं. लोकसंख्येचा भार फक्त पाटाच्या पाण्यावर पडतो, असा शोध विधिमंडळाला कधी लागला कुणास ठाऊक.

लोकसंख्येचा प्रश्न थट्टेवारी नेऊ नका, असं कुणी बजावेल. धरण तेवढंच आणि माणसं वाढली तर दरडोई पाणी घटणार, हे खरं. पण आकडे पाहा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे २.१ होता, म्हणजे कायदा छापून येत होता तेव्हाच तिसरं मूल निघायच्या तयारीत होतं. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ वर आला. ही घट दीडपट पाणीपट्टीनं झाली असं म्हणायचं तर बिनबागायती जिल्ह्यांत आणि मुंबईत ती कशानं झाली ते सांगावं लागेल. मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय वाढलं, जन्मलेली मुलं जगू लागली; यात पाटबंधारे खात्याचा वाटा शोधणं कठीण. उलट, जिथं मुलगा हवाच असतो तिथं ‘दोनच’ची सक्ती कुणावर उलटते हेही जनगणनेत दिसतं: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली राज्यात २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. याचं खापर या एका कलमावर फोडणं अन्यायाचं होईल. त्याची तेवढी ताकद नाही. पण तिसऱ्यांदा गरोदर राहायचं की नाही हे बहुधा जिला कुणी विचारत नाही तिचं नाव सातबाऱ्यावरही बहुधा नसतं, आणि दंड सातबाऱ्यावरच्या नावाला लागतो, एवढं तरी मसुदा करताना कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं.

माणसं मोजून पाणी वाटायचं नाहीच असंही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकायचा नाही. म्हणजे नायगावच्या माळावर तिसरं पोर आलं की अर्ध्या एकराचं पाणी घेऊन आलं, आणि घरातल्या पाचव्या माणसानंतर पंचायतीनं हात जोडले. मर्यादा तिथंही होती, पण ती पाण्याच्या मर्यादेतून आली होती आणि सगळ्यांना सारखी होती. पैसे टाकून ती ओलांडायची सोय नव्हती. पाणी पंचायतीत जे पोर वाटेकरी म्हणून मोजलं गेलं, तेच मजनिप्रा कायद्यात थकबाकी म्हणून मोजलं जातं.

असली कलमं कागदावरच असतात, कोण मनावर घेतो, हा शेवटचा आक्षेप फार लोकप्रिय आहे. पण त्याच कायद्यातली दुसरी सोय मनावर घेण्यासारखी आहे. पाण्याची हक्कदारी हंगामापुरती किंवा वर्षापुरती विकता येते, प्राधिकरणाच्या देखरेखीखाली, बाजारपद्धतीनं. ही दोन कलमं शेजारी ठेवली की धंद्याची वाट दिसते. दोन मुलांवर थांबलेला शेतकरी रुपयाला रुपया भरून हक्क घेईल. बांधापलीकडच्या तीन मुलांच्या शेतकऱ्याला तेच पाणी खात्याकडून दीड रुपयाला पडतं, त्याला हा सव्वाला विकेल. दोघांचाही फायदा, प्राधिकरणाचा नियम शाबूत, आणि नसबंदीवर शेकडा पंचवीस नफा. एक-दोन हंगामांत कुणी दलाल चारीवर उभा राहून निपुत्रिकांचे हक्क घाऊक भावानं उचलू लागला, तर त्याला कुठल्या कलमाखाली धरणार? अडचण इतकीच की २०२४ पासून आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून विनवू लागले आहेत. ते वारं इकडं वळलं आणि सरकारनं तिसऱ्या मुलाला पाणीपट्टीत सूट जाहीर केली, तर ज्यांनी मोठ्या शिस्तीनं दोनवर थांबून हक्कांचा साठा केला आहे त्यांचा भाव रातोरात कोसळेल, आणि नुकसानभरपाईच्या मागणीसाठी मोर्चा नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर न्यायचा की आरोग्य केंद्रावर, यावर संस्थेला खास सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल.