आडवी विहीर

केळना आणि धामणा जिथं एकमेकींना भेटतात, त्या आमच्या जाफराबादेत मी लहानपणी एक मोजमाप शिकलो. आजोबा विहिरीच्या काठावर उभं करून म्हणायचे, "खडा सोड अन् मोज." एका सेकंदाला डुबुक झालं तर पाणी 16 फुटांवर, दोनला झालं तर 64. वेळ दुप्पट, खोली चौपट. मृगाच्या तोंडाशी विहीर इतकी उशिरा बोलायची, की खड्याआधी आजोबांचा चेहराच खाली जायचा.

परवा पाइपलाइन खोदताना जेसीबीनं फायबरची केबल तोडली. ओटीडीआर नावाचं डबडं घेऊन एक पोरगा आला. त्यानं केबलीत प्रकाशाचा इवलासा ठोका सोडला, पडद्यावरची रेघ पाहिली आणि बसल्या जागेवरून म्हणाला, "काका, चार किलोमीटरवर कट हाये." काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तिथवर जाऊन परतायला त्याला 40 मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे खडाच की! विहीर तेवढी आडवी.

तांब्याच्या तारेत आणखी गंमत. टोक नुसतं तुटलेलं असेल तर ठोका सुलटा परततो. दोन तारा चिकटल्या असतील तर उलटा. आमच्या घरी मी "चहा होईल का?" असा ठोका सोडतो, "दळण आणलं का?" असा परत येतो. बिघाड कुठं आहे, ते शोधायला यंत्र लागत नाही.

उपकरणांची परीक्षाही अशीच घेतात. एकीकडून ताठ, चौकोनी स्पंद आत सोडायचा आणि पलीकडून काय निघतं ते ऑसिलोस्कोपवर बघायचं. जसाच्या तसा तो कुणीच देत नाही. जरा उशीर, खांदे उतरलेले, कधी हवं त्याहून उंच उसळी आणि मग हेलकावे. चढायला लागलेला वेळ मोजताना उंचीचे पहिले आणि शेवटचे दहा टक्के सोडूनच देतात. सुरुवातीची कुरकुर माफ, शेवटचं रेंगाळणं माफ! माझ्या हजेरीपटाला हा नियम असता, तर मी आदर्श कर्मचारी म्हणून निवृत्त झालो असतो.

पोरगा चार किलोमीटर गेला, तर तिथं काहीच नाही. यंत्र केबलीची लांबी सांगतं, रस्त्याची नव्हे. आणि केबलीची वेटोळी जागोजागी राखून ठेवलेली. तो बांधाबांधानं मागं येत राहिला. शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं बोट दाखवलं.

"आजी, आधी नाही का सांगायचं?"

"इचारलं कुणी?"